धवळारीण : नव्या नगरींतील जुनी पुरोहिता

एखाद्या नगरीचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची लेखणी प्रथम राजाकडे वळते, मग सेनापतीकडे, मग शेठसावकारांकडे. आणि कागद संपत आला म्हणजे शेवटच्या चार ओळींत 'स्त्रियांनींही हातभार लावला' असें एक वाक्य घालून ती विसावते. पुण्याची कथा सांगतांना जिजाऊंना व महेश्वराची सांगतांना अहिल्याबाईंना वगळतांच येत नाहीं, म्हणून तेवढीं नांवें येतात. बाकीच्या नगरींत स्त्रिया जणूं पाहुण्या म्हणूनच राहिल्या! मग जी नगरी अवघी पन्नासपंचावन्न वर्षांची, जिला जुना वाडा नाहीं, राजघराणें नाहीं, बखर नाहीं, त्या नव्या मुंबईच्या बाबतींत तर विचारावयासच नको. 'येथें इतिहास कसला? सारें सिमेंट आणि सिडको!' हे उद्गार वाशी-नेरूळच्या सुशिक्षित घरांतून आम्हीं अनेकदां ऐकले आहेत.

परंतु नगरी नवी असली तरी भूमि नवी नसते. ज्या जमिनीवर आज आपली बिऱ्हाडें थाटलीं आहेत तिच्यावर शेंकडों वर्षें माणसें नांदत होतीं, त्यांचीं लग्नें होत होतीं, देव पुजले जात होते. त्या नांदण्यांत व या नव्या नगरीच्या रचनेंतही स्त्रियांचा वांटा किती मोठा आहे, हें वाचकांपुढें मांडावें, आणि त्यांतील एका वांट्याकडे विशेष लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नगरीच्या जन्माची कथा थोडक्यांत सांगूं. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबत चाललें होतें. कामधंदा सारा दक्षिण टोंकाला आणि वस्ती उत्तरेकडे पसरत जाणारी, अशी स्थिति झाली होती. यावर उपाय म्हणून खाडीपलीकडे पूर्वेस नवें शहर वसवावें, म्हणजे वाढ एका रेषेंत न होतां बंदराभोंवतीं फिरेल, ही कल्पना १९६४-६५ च्या सुमारास तिघांनीं मांडली. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या नियतकालिकांतून १९६५ सालीं ती लोकांपुढें आली. पुढें १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें मिळून सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि या नगरीसाठीं ठरविण्यांत आली. १९७३ सालीं खाडीवर पूल झाला, १९९२ च्या आरंभीं महानगरपालिका आली व त्याच वर्षीं मानखुर्दहून वाशीस आगगाडी येऊं लागली.

कल्पना मांडणारे तिघे, असें आम्हीं वर म्हटलें. त्यांपैकीं चार्ल्स कोरिया यांचें नांव आपल्या घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांना ठाऊक असतें; शिरीष पटेल यांचेंही जाणत्यांना ठाऊक असतें. तिसरें नांव विचारलें तर बहुधा मौन! तें नांव प्रवीणा मेहता यांचें. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून, शिकागो येथें पुढील अभ्यास करून परतलेली ही वास्तुविशारद स्त्री. ज्या काळीं आपल्याकडे घराचा नकाशा पसंत करतांनाही गृहिणीचें मत विचारण्याची रीत नव्हती, त्या काळीं एक स्त्री लक्षावधि लोकांच्या शहराचा नकाशा विचारांत घेत होती. 'स्त्री घर संभाळते, पुरुष नगर उभारतो' असें म्हणणाऱ्यांनीं नव्या मुंबईच्या एखाद्या रुंद रस्त्यावर उभें राहून या नांवाचें स्मरण करावें.

आतां नकाशाखालच्या भूमीकडे वळूं. या प्रदेशास खारेपाट म्हणतात. समुद्राचें पाणी बांध घालून अडवावयाचें, आंत भात पिकवावयाचें, आणि जेथें भात येत नाहीं तेथें मिठाचीं आगरें घालावयाचीं, हा येथील मूळ व्यवसाय. त्या आगरावरूनच आगरी हें नांव. त्यांच्या शेजारीं खाडीच्या कांठीं कोळी बांधव. भाताची लावणी वांकून कोणी केली? मिठाच्या पाट्या डोक्यावरून कोणीं वाहिल्या? ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखलांत उतरून निवट्या, खेकडे व कालवें कोणीं गोळा केलीं, आणि तीं पनवेल-उरणच्या बाजारांत नेऊन चार पैसे घरांत कोणीं आणले? शाकाहारी वाचकभगिनींनीं येथें नाक मुरडूं नये. ज्या घामावर एक संसार उभा राहतो त्याला जातिभेद नसतो.

या शेवटच्या प्रश्नांत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. जमीन संपादन झाली तेव्हां मोबदला सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्याला मिळाला. आणि सातबाऱ्यावर नांव बहुधा पुरुषाचें. मुलींना वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्रांत आला १९९४ सालीं आणि साऱ्या देशांत २००५ सालीं. तोंवर पुष्कळशा जमिनी हातांतून गेल्या होत्या. शिवाय शेताचा सातबारा असतो, खाडीचा नसतो. ओहोटीच्या चिखलांतून स्त्रिया जें मिळवीत त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत नव्हती. म्हणून भराव पडून तें बुडालें तेव्हां त्याची भरपाई मागण्यास कागदच नव्हता. घरधन्याला जमिनीचे पैसे मिळाले. घरधनिणीचा स्वतःच्या हातचा पैसा मात्र मुकाट्यानें नाहींसा झाला. हा हिशेब नगरीच्या जमाखर्चांत अजून लिहिला गेलेला नाहीं.

तरीही या स्त्रिया मुकाट राहिल्या नाहींत. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले. त्या लढ्यांत घरोघरच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचें जें तत्त्व पुढें मान्य झालें व ज्याचें नांव दूरदूरच्या प्रकल्पांच्या चर्चेंत घेतलें जातें, त्याच्या पायाशीं या स्त्रियांचेंही धैर्य आहे.

असो. योजना झाली, श्रम झाले, लढाही झाला. परंतु नगरीला नगरीपण येतें तें संस्कृतीनें. आणि येथें आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे येतों. वाचकहो, पुण्यांत गेल्या शतकाच्या अखेरच्या पाव भागांत शंकरराव थत्ते यांच्या प्रयत्नानें स्त्रिया पौरोहित्य शिकूं लागल्या व पुढें ज्ञानप्रबोधिनीनेंही तें कार्य चालविलें, तेव्हां आपल्या समाजांत केवढी खळबळ झाली! कोणी धन्य म्हणाले, कोणी धर्म बुडाला म्हणाले. पण 'हें नवीन आहे' याविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत होतें. आणि त्याच वेळीं, तुर्भ्याच्या वा करावें-दिवाळ्याच्या गांवठाणांत, एखादी वृद्धा पाटावर बसून, पिढ्यान् पिढ्यांच्या अधिकारानें, एक विवाह लावीत होती! तिला कोणी पदवी दिली नव्हती, तिच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नव्हता. तिचें नांव धवळारीण. आगरी बोलींत 'ळ' चा 'ल' व 'ण' चा 'न' होतो, म्हणून तिचे लोक तिला धवलारीन म्हणतात.

धवळारीण म्हणजे लग्नांत गाणीं म्हणणारी बाई, असें जर कोणी समजेल तर तो फसेल. गाणें हा तिचा मंत्र आहे. मांडव घालणें, उंबराची फांदी आणणें, हळद दळणें व लावणें, देवांना व घरांतील दिवंगत पितरांना कार्याचें बोलावणें करणें, वराला बाहेर काढणें, वधूची पाठवणी करणें, या प्रत्येक विधीचा धवळा निराळा. तिनें एक चरण म्हणावा, भोंवतालच्या बायांनीं तो उचलावा, आणि त्या गाण्याच्या आज्ञेनें यजमानानें हात चालवावा. कोणता विधि कोणत्या विधीनंतर, कोणती वस्तु कोणाच्या हातीं, कोणत्या नात्यानें पुढें यावयाचें, हें सारें तिच्या मुखांत. हातांत पोथी नाहीं, वाद्याची साथ नाहीं. दक्षिणा म्हणाल तर नारळ, तांदूळ, लुगडें आणि यजमानाच्या ऐपतीप्रमाणें कांहीं रोख. अक्षता टाकण्याच्या वेळीं आतां बहुतेक ठिकाणीं भटजी येऊन मंगलाष्टकें म्हणतात; परंतु त्याच्या आधींचा व नंतरचा कितीतरी विधि धवळारणीवांचून अडतो. डोंगराकडील वारली समाजांतही हीच परंपरा आहे. तेथें धवलेरी गाते, सुवासिनी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, आणि त्यावांचून लग्न पुरें होत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या भगिनीच्या लग्नास आम्ही सपत्नीक गेलों होतों. नेरूळनजीकचें गांवठाण, दोहों बाजूंस उंच इमारती आणि मध्यें तो मांडव. हळदीच्या सायंकाळीं ध्वनिवर्धकाचा असा कल्लोळ चालला होता कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येईना. इतक्यांत सत्तरीपलीकडील एक बाई आली. घरच्या कर्त्या पुरुषानें पुढें होऊन यंत्र बंद करविलें. तिनें सुपांतील तांदूळ हातीं घेतले आणि खणखणीत आवाजांत देवांना हांक घालण्यास प्रारंभ केला : कार्ल्याच्या एकवीरेला, जेजुरीच्या खंडोबाला, गांवदेवीला, वेशीवरच्या देवाला, आणि मग घरांतील गेलेल्या माणसांना एकेकाच्या नांवानें. वधूच्या आजोबांचें नांव आलें तेव्हां मघांपर्यंत नाचणारे तरुण माना खालीं घालून उभे राहिले. कोणा घाईच्या पाहुण्यानें 'आजी, आटपा' असें म्हटलें; ती शांतपणें म्हणाली, 'देव अजून येवाचं हान.' त्यावर कोणाची बोलण्याची छाती झाली नाहीं. आम्हीं आयुष्यभर पुष्कळ आवाहनें ऐकलीं आहेत. पण ज्याला बोलाविलें तो खरोखर येत आहे असा विश्वास ज्या स्वरांत होता, असें आवाहन क्वचितच.

आतां आमच्या पिढीचे कांहीं वाचक म्हणतील, 'हा लोकाचार झाला. याला शास्त्राधार काय?' त्यांच्यासाठीं थोडें शास्त्रही पाहूं. विवाहाचा विधि सांगावयास आरंभ करतांनाच आश्वलायन गृह्यसूत्र बजावतें कीं, निरनिराळ्या देशांचे व गांवांचे जे आचार आहेत ते विवाहांत पाळावे. आपस्तंब त्याहून स्पष्ट आहे; विवाहांतील रूढ क्रिया स्त्रियांकडून समजून घ्याव्या असें तो सांगतो. पारस्कर म्हणतो कीं विवाहांत व अंत्यविधींत गांवाचें वचन मानावें. आणि त्यावरील गदाधर हा टीकाकार 'गांव' म्हणजे कुलांतील वृद्ध स्त्रिया असा अर्थ करतो. म्हणजे सूत्रकारांच्या दृष्टीनें विवाहाला दोन आचार्य आहेत : एक मंत्र जाणणारा, दुसरी आचार जाणणारी. आपल्याच घरांत पहा ना! घाणा भरणें, गौरीहर, तेलफळ, उष्टी हळद, यांची वेळ आली कीं गुरुजी हातांतील पोथी मिटून विचारतात, 'तुमच्याकडे कसें करतात?' आणि साऱ्यांच्या नजरा आजीकडे वळतात. आपण त्या आजीला पुरोहित म्हटलें नाहीं. खारेपाटानें म्हटलें, एवढाच काय तो भेद.

धवळा हा शब्दही कालपरवांचा नव्हे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांतील प्रबंधांच्या यादींत 'धवल', 'मंगल' आणि 'ओवी' हे शेजारीशेजारीं आले आहेत. त्याच्याही आधीं, बाराव्या शतकांत, सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'नें महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात अशी नोंद केली. आणि त्याच तेराव्या शतकांत चक्रधरांची शिष्या महदंबा हिनें ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा गौरव करतों, शाळेंत तिचें नांव पाठ करवितों. तिनें जो गीतप्रकार हातीं घेतला त्याचें नांव आजही नव्या मुंबईच्या गांवठाणांत जिवंत आहे. पण तें नांव चालविणारी बाई आपल्या सोसायटीच्या फाटकावरून जाते तेव्हां आपण तिला ओळखत नाहीं. पुस्तकांतल्या धवळ्याला नमस्कार आणि शेजारच्या धवळ्याकडे पाठ, हा न्याय कोणता?

ही परंपरा आज कठीण स्थितींत आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. चारपांच दिवसांचें लग्न एका दिवसावर आलें. मांडव अंगणांतून सभागृहांत गेला. सभागृहाचें भाडें ताशीं असल्यामुळें देवांना हांक घालण्यास सवड उरली नाहीं. शाळेंत 'ळ' ऐवजीं 'ल' म्हणणाऱ्या मुलीला हंसून तिची बोली सुधारण्यांत आली. मग त्याच बोलींतील गाणें तिनें अभिमानानें कसें शिकावें? त्यांत आणखी एक गोष्ट आहे. धवळ्यांत गांवदेवी, वेशीवरचा देव, बांधावरचा देव यांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून बोलावणें असतें. जेथें गांवच उठलें तेथें काय करावें? विमानतळासाठीं दहा गांवें हलविलीं गेलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत विमानें उडूं लागलीं. देवळें नव्या जागीं बांधतां येतात. पण जुनी वेस, जुना बांध, जुनें झाड हीं आतां जमिनीवर कोठेंही नाहींत. तीं उरलीं तर त्या वृद्धेच्या गाण्यांतच उरतील. म्हणून धवळा हा केवळ विधि राहिलेला नाहीं. तो त्या गांवांचा शेवटचा सातबारा आहे, आणि तो एका स्त्रीच्या मुखांत आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो त्या समाजांतील विचारी तरुणांकडूनच येतो. ते म्हणतात, 'हळदीच्या पायीं घरें कर्जांत बुडतात. जुन्या चालींचें कौतुक करून तुम्ही आम्हांला मागें ओढूं नका.' यांतील पहिला भाग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु कर्ज कशाचें होतें? मेजवान्यांचें, मद्याचें, ध्वनिवर्धकाचें, मिरवणुकींचें. धवळारीण एक नारळ व पसाभर तांदूळ मागते. जी गोष्ट महाग ती ठेवावयाची आणि जी स्वस्त ती 'मागासलेली' म्हणून टाकावयाची, ही सुधारणा नव्हे. खर्च छाटावयाचा असेल तर अवश्य छाटावा; मात्र छाटतांना फांदी कोणती व खोड कोणतें हें पाहून कुऱ्हाड चालवावी. दुसरे कोणी म्हणतील, 'तो त्यांचा आचार, आपला त्याच्याशीं संबंध काय?' संबंध हा, कीं आपण त्यांच्या भूमीवर राहतों. ज्याच्या अंगणांत बिऱ्हाड केलें त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांस ओळखणें हा शिष्टाचाराचा पहिला पाठ आहे.

मग करावें काय? आमच्या अल्प बुद्धीस सुचतें तें सांगतों. आपल्या घरांतील सुशिक्षित सुनामुलींनीं जवळच्या गांवठाणांत ओळख काढून एखाद्या धवळारणीस भेटावें. तिची संमति घेऊन गाणीं भ्रमणध्वनीवर उतरून घ्यावीं. पण केवळ गाणीं नव्हेत, तर कोणतें गाणें कोणत्या विधीस, त्या वेळीं कोण कोठें बसतें, हातांत काय असतें, हेंही शेजारीं लिहावें. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या वृद्धेस गाणीं लिहून घेण्याविषयीं विचारलें असतां ती हंसून म्हणाली, 'गानी लिवशील मास्तर, पन कंचा गाना कवा बोलाचा ता कोन सांगल?' (खारेपाटांत 'तूं' म्हणणें अनादराचें नसतें, उलट तें घरचें मानल्याची खूण असते.) सूत्रें पाठ पण प्रयोग ठाऊक नाहीं अशा याज्ञिकाची जी स्थिति, तीच या संग्रहाची होईल, हें तिनें एका वाक्यांत सांगितलें. उच्चार जसा तसाच लिहावा. 'ल' चा 'ळ' करूं नये. लिहून झाल्यावर एक प्रत तिच्या घरीं द्यावी आणि वर तिचें नांव घालावें, कारण ज्ञान तिचें आहे, आपली केवळ शाई. तिला योग्य दक्षिणा द्यावी. विद्या फुकट घेऊं नये हें आपल्यास कोणी शिकवावें असें नाहीं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत एक दिवस तिला मानाच्या आसनावर बसवावें, म्हणजे तिच्याच नातीला आपली आजी विदुषी आहे हें कळेल. परंपरा टिकते ती बाहेरच्यांच्या वहींत नव्हे, तर त्या नातीच्या कंठांत.

आणि घरीं मुलांना आपल्या शहराची गोष्ट सांगाल तेव्हां ती अशी सांगा : या नगरीचा विचार करणाऱ्यांत प्रवीणा मेहता होत्या, हिच्या भूमीवर भात लावणाऱ्या, मीठ वाहणाऱ्या व हक्कासाठीं रस्त्यावर उतरणाऱ्या बाया होत्या, आणि हिच्या देवांना नांवानिशीं हांक घालणारी एक म्हातारी अजून आपल्या शेजारीं राहते. येत्या लग्नसराईंत गांवठाणांतून तिचा स्वर ऐकूं आला, तर खिडकी लावून घेऊं नका. मुलांना जवळ बोलावून ऐकवा.